आपल्या शहराचा रेडिओ सुरू करता येईल का?

प्रश्न : आमचं शहर लहान आहे. काही निवृत्त शिक्षक, गृहिणी आणि कॉलेजची मुलं मिळून स्वयंसेवकांनी चालवलेलं रेडिओ केंद्र काढावं म्हणतोय. परवाना मिळतो का? आणि बिनपगारी माणसांच्या जिवावर केंद्र टिकेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : परवाना मिळतो, पण व्यक्तीला किंवा नुसत्या मित्रमंडळाला नाही. नफ्यासाठी न चालणारी नोंदणीकृत संस्था लागते आणि तिच्या गाठीशी स्थानिक कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांनाही हे दार उघडलं. अर्ज केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे करायचा असतो.

प्रक्षेपणाची ताकद सहसा १०० वॅटपर्यंतच ठेवता येते, त्यामुळे आवाज साधारण दहा किलोमीटर पोचतो. लहान शहराला तेवढा पुरतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. पण नळाला पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, नोकरीच्या जागा कुठे निघाल्यात, गावातली स्पर्धा कशी रंगली, हे सगळं सांगायला मुभा आहे. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावे लागतात. खर्चासाठी तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात.

खरी कसोटी माणसांची. उद्घाटनाला गर्दी होते. परीक्षा आणि लग्नसराईत पाळीला कुणी येत नाही. म्हणून एक तंत्रज्ञ आणि एक समन्वयक मानधनावर ठेवाच. बाकीच्यांना आठवड्यातला एकच ठरलेला वार द्या आणि प्रत्येक पाळीला एक बदली माणूस नेमा.

तेलंगणातल्या माचनूरच्या ‘संघम रेडिओ’ला २००८ साली प्रसारण सुरू करता आलं. पण तिथल्या दलित शेतकरी बायका त्याच्या कितीतरी आधीपासून बियाण्यांच्या, औषधी पाल्याच्या गोष्टी टेपवर भरून गावोगावच्या बैठकांत ऐकवत होत्या. तुम्हीही तसंच करा. पंखा बंद करा, भिंतीला गोधड्या टांगा, मोबाइल बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि शेजारच्या आजींकडून जात्यावरच्या ओव्या भरून घ्या. मग त्या भजनी मंडळात, बचतगटात ऐकवा. लोक कुठे कान टवकारतात आणि कुठे चुळबुळ करतात, ते तिथेच कळतं.

तुमच्याच जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आहे. एकदा जाऊन काम पाहून या. संस्थेची तीन वर्षं भरायची असतील, तर तो काळ शिकण्यात घालवा. आज आजी बोलल्या, उद्या त्यांची सून, परवा रिक्षावाले काका, असं होऊ लागलं की केंद्राला माणसं कमी पडत नाहीत. ज्यांचा आवाज रेडिओवर लागतो, तेच तो जपतात.