लेकराची माया आणि परमुलखाचा कायदा

आई-बापाच्या मायेला तोड नाही असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु हीच माया जेव्हा दुसऱ्या देशाच्या कायद्याला आडवी जाते, तेव्हा आई-बापांनी काय करावे? हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. आपल्या तासगाव परिसरातील मुले-मुलीही शिकूनसवरून अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, आखाती देश येथे गेली. तिथे त्यांचे संसार उभे राहिले, मुले झाली. काहींचे संसार मोडलेही. संसार मोडला म्हणजे मूल कोणाकडे राहायचे हे ठरवावे लागते, आणि मूल ज्या देशात राहते तिथला कायदा त्यात बोलतोच.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. मी बँकेत कारकून. एके दिवशी काउंटरवर जवळच्या खेड्यातील एक निवृत्त गुरुजी आले. नातवाच्या नावावर ठेव ठेवायची होती. नातू पाच वर्षांचा, जन्म परदेशातला, पासपोर्टही तिथलाच. मुलगी त्याला घेऊन माहेरी आली होती आणि परतीच्या तिकिटाची तारीख उलटून गेली होती. फॉर्म भरता भरता गुरुजींनी पिशवीतून एक लांबट पाकीट काढले. तिथल्या न्यायालयाची नोटीस होती. आवाज खाली करून ते म्हणाले, "साहेब, हे पाकीट आलंच नाही असं म्हटलं तर चालंल का? पोरगं माझ्या मांडीवरून उठत नाही हो."

मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, "गुरुजी, दोन दिवस द्या. वकिलांना विचारून सांगतो." त्यानंतर जे वाचले, जाणकारांना विचारून जे समजले, ते सभासद व विद्यार्थ्यांपुढे ठेवत आहे.

पहिले प्रकरण पुण्याचे आहे. शिकायला अमेरिकेत गेलेल्या एका गृहस्थाने तिथल्या मुलीशी लग्न केले. पुढे १९८२ साली घटस्फोट झाला. मिशिगन राज्यातील न्यायालयाने मुलाचा ताबा आईला दिला आणि पित्याला भेटीचा हक्क दिला. जानेवारी १९८६ मध्ये पित्याने भेटीच्या दिवशी मुलाला शाळेतून घेतले आणि कोणाला न सांगता थेट भारतात, पुण्याला आणले. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्या अमेरिकन आईने आपल्या सर्वोच्च न्यायालयात घटनेच्या कलम ३२ खाली हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करण्याचा अर्ज केला. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून पाहिले. नोव्हेंबर १९८६ मध्ये निकाल झाला. मूल आईकडे परत द्यावे, असा आदेश झाला.

या ठिकाणी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. ज्या कलमाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत घटनेचा आत्मा म्हटले, तेच हे कलम ३२. ते एका परदेशी आईच्या कामी आले, आणि तेही एका भारतीय पित्याविरुद्ध. न्याय आपल्या माणसापुरता नसतो, याचा याहून चांगला धडा कोणता?

दुसरे प्रकरणही महाराष्ट्रातलेच, पण निकाल उलटा. १९८३ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला घेऊन आई १९८४ मध्ये भारतात आली. पुढे तिथल्या न्यायालयाचे आदेश पित्याच्या बाजूने झाले आणि मुंबई उच्च न्यायालयानेही ताबा पित्यालाच दिला. नोव्हेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून मुलगा आईकडेच ठेवला. तो बारा वर्षांहून अधिक काळ आईजवळ वाढला होता. त्याची शाळा, भाषा, मित्र सारे इथले झाले होते.

मग पहिल्या निकालात परदेशी कायद्याचा मान राखला आणि दुसऱ्यात मोडला, असे म्हणायचे का? तसे नाही. दोन्ही वेळा न्यायालयाने मुलाचे हित हीच कसोटी लावली. पहिले मूल नुकतेच उपटून आणलेले रोप होते, ते लगेच मूळ जागी लावणे हिताचे होते. दुसऱ्याने इथे मुळे धरली होती. परदेशी न्यायालयाच्या आदेशाचा आदर करायचा, त्याचा विचारही करायचा, परंतु शेवटचा शब्द मुलाच्या हिताचा. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व पुन्हा सांगितले.

आपला द्राक्ष बागायतदार युरोपात माल पाठवतो तेव्हा औषधाच्या अंशाची तिथली मर्यादा पाळतो. "बाग माझी, माल माझा" म्हणून चालत नाही. परमुलखाचा नियम पाळण्याची सवय आपल्याला आहे. पण मूल म्हणजे द्राक्षाची पेटी नव्हे. पेटीला नियम पुरतो, मुलाच्या बाबतीत नियमाबरोबर त्याचे मनही पाहावे लागते.

अशा मुलांसाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. एका पालकाने परस्पर परदेशी नेलेले मूल त्याच्या नेहमीच्या राहत्या देशात लवकर परत पाठवावे, ताब्याचा वाद तिथे मिटवावा, असा त्याचा आशय आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. आपल्या विधी आयोगाने २००९ मध्ये सामील व्हावे असे सुचवले. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही झाला. परंतु त्यावर एक मोठा आक्षेप आला. परदेशात नवऱ्याचा छळ सोसून लेकरासह माहेरी पळून आलेल्या बाईला हा कायदा पुन्हा त्याच दारात नेऊन उभी करील. मुलाला गंभीर धोका असेल तर परत पाठवू नये अशी सवलत करारात आहे, पण माहेरच्या गावातून ते सिद्ध करणे सोपे नाही. हा आक्षेप हलका समजू नये. मायेला पळावेच लागते, असेही प्रसंग असतात.

तरीसुद्धा पळणे वेगळे आणि लपणे वेगळे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकाल केव्हा मानू नये याची कारणे दिली आहेत. त्या न्यायालयाला अधिकार नसणे, प्रकरणाच्या गुणावगुणांचा विचार न होणे, नैसर्गिक न्याय डावलला जाणे, फसवणूक होणे इत्यादी. म्हणजे अन्याय झाला असेल तर सांगायला जागा आहे. परंतु नोटीस हातात घेऊन "मिळालीच नाही" म्हणणाऱ्याला ही जागा राहत नाही. छळ झाला असेल तर तिथल्या पोलिसांत, डॉक्टरकडे, आपल्या वकिलातीत त्याची नोंद करावी, कागद जपून ठेवावेत आणि वकिलामार्फत उत्तर द्यावे.

शेवटी कपिलवस्तूची आठवण होते. सिद्धार्थ गेला, नंद गेला, आणि मग सात वर्षांच्या राहुलालाही प्रव्रज्या मिळाली. शुद्धोदनाचे काळीज फाटले. त्याने तथागतांपाशी काय मागितले? "माझा नातू परत द्या" असे नाही. यापुढे आई-वडिलांच्या संमतीवाचून कोणाच्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, एवढेच मागितले. तथागतांनी ते मान्य केले आणि विनयात तसा नियम झाला. आपल्या दुःखातून त्याने दुसऱ्याच्या लेकराचा विचार केला. माया आणि कायदा यांचे भांडण कुठे मिटते ते इथे दिसते. मला जे दुखते ते समोरच्या आईला, समोरच्या बापालाही दुखते, हे मानले की कायदा परका वाटत नाही.

दोन दिवसांनी मी गुरुजींना एवढेच म्हणालो, "गुरुजी, पाकीट उघडा. नातवाला बापही आहे." ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर मुलीने वकील दिला, आपल्यावर काय गुदरले ते सारे लेखी मांडले. प्रकरण अजून चालू आहे, निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. परंतु दर रविवारी तो मुलगा फोनवर आपल्या वडिलांशी बोलतो. गुरुजी तेवढा वेळ अंगणात जाऊन बसतात.