बधिर झालेली बोटे : कुष्ठरोगातील मज्जातंतूंवर वेळीच उपचार

चहाचा गरम पेला धरल्यावर करंगळीला फोड आला, पण चटका जाणवला नाही, असे आपल्या घरात कोणाचे झाले असल्यास केवळ मलम लावून थांबू नये. कोपरामागील खोबणीतून जाणारा मज्जातंतू सुजलेला असू शकतो. आपल्या देशात त्याचे एक महत्त्वाचे कारण कुष्ठरोग हे आहे. चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हा रोग आजही आढळतो.

कुष्ठरोगाचे जंतू बहुविध औषधोपचाराने, म्हणजेच एमडीटीच्या गोळ्यांनी, नष्ट होतात. परंतु जंतूंविरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देते, तिच्यामुळेही मज्जातंतू सुजतो आणि आपल्याच आवरणात दाबला जातो. अशी प्रतिक्रिया एमडीटी चालू असताना, किंवा ती पूर्ण झाल्यानंतरही, येऊ शकते. गोळ्यांनीच त्रास वाढला असे समजून काही रुग्ण नेमक्या याच वेळी एमडीटी सोडतात. ती सोडू नये.

या सुजेवर डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात. हे औषध मज्जातंतू वाढवीत नाही; ते सूज उतरवून दाब कमी करते. तुटलेला तंतू पुढे स्वतःच वाढतो, तोही दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. कोपरापासून करंगळीपर्यंतचे अंतर ३० सेंटीमीटर धरले, तर दहा महिने झाले. म्हणून महिनाभरात फरक दिसला नाही तरी धीर सोडू नये. मात्र बधिरता किंवा अशक्तपणा येऊन ६ महिने होण्याच्या आत उपचार सुरू झाला, तरच सुधारणेची आशा अधिक असते. वर्षानुवर्षे बधिर असलेल्या हाताला याचा फारसा उपयोग होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

प्रेडनिसोलोन स्वतःच्या मनाने घेऊ नये व एकाएकी बंद करू नये. त्याची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा क्षयरोग असल्यास आधीच सांगावे. ‘नसांच्या ताकदीच्या’ म्हणून दुकानात मिळणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही. ब-१२ ची कमतरता असेल तेथे त्यांचा उपयोग आहे. एरवी त्यांच्या भरवशावर मोलाचे महिने निघून जातात.

संवेदना परत येईपर्यंत गरम भांडे फडक्यानेच धरावे आणि रोज रात्री तळहात व तळपाय उजेडात पाहावेत.

गाव सोडून मुनिरक्यात भाड्याने राहावयास आला असाल, तरी उपचार खंडित होण्याचे कारण नाही. शासकीय आरोग्य केंद्रांत एमडीटी विनामूल्य मिळते. जुने उपचारपत्र सोबत न्यावे आणि बधिरता केव्हापासून आहे, तो महिना आठवून सांगावा.