‘अम्मी, मी दंगा केला म्हणून दादी गेली का?’

घरातून जनाजा उठतो. दफनविधी आटोपून पुरुष परततात, सांत्वनाला आलेल्यांची रीघ लागते, आणि त्या गर्दीत पाच वर्षांचे मूल आईचा पदर ओढून वरील प्रश्न विचारते. वाचकहो, ‘गप्प बस’ हे त्याचे उत्तर नव्हे. त्या प्रश्नामागे एक भीती दडलेली असते आणि ते मूल ती एकट्याने वाहत असते.

हिजरी सन 10 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचे दूधपिते सुपुत्र इब्राहीम यांचे निधन झाले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला, असे लोक म्हणू लागले. प्रेषितांनी (स.) ऐन दुःखातही तो समज दूर केला : सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जगण्या-मरण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. मृत्यूला खोटे कारण चिकटवू नये, हा धडा आपल्या घरासाठीही आहे. म्हणून मुलाला जवळ घेऊन स्पष्ट सांगा, ‘नाही बाळा, तुझ्यामुळे काही झाले नाही. दादी आजारी होती. अल्लाहने ठरवलेली तिची वेळ आली.’

‘दादी झोपली आहे’ असेही सांगू नका. मूल झोपेलाच भिऊ लागेल. ‘अल्लाहला आवडली म्हणून नेली’ असे म्हटले, तर ते अल्लाहचे आवडते होण्यास घाबरेल.

‘मातीत तिला थंडी वाजेल का?’ असे त्याने विचारले, तर कबरीच्या यातनांचे वर्णन त्या वयात करू नये. दादी अल्लाहच्या स्वाधीन आहे आणि तो आईहूनही अधिक दयाळू आहे, एवढे सांगावे. ‘रूह म्हणजे काय?’ या प्रश्नावर ‘मला ठाऊक नाही, अल्लाह जाणतो’ म्हणण्यात कमीपणा नाही. मानवाला याविषयी अल्पच ज्ञान दिले आहे, असे कुरआनच (सूरह बनी इस्राईल, आयत 85) सांगतो.

आणि मुलाचे अश्रू अडवू नका. इब्राहीमला निरोप देताना प्रेषितांचे (स.) डोळेही पाणावले होते, त्या अश्रूंना त्यांनी दया म्हटले. अबू उमैर नावाच्या बालकाचा चिमुकला पक्षी मेला, तेव्हा त्याचीही त्यांनी आपुलकीने विचारपूस केली होती.

शेवटी मुलाच्या हाती काही द्या. त्याला सांगा, ‘दादीसाठी तू आजही काही करू शकतोस,’ आणि त्याचे इवले हात दुआसाठी उचलायला शिकवा. ज्याला आपण अपराधी वाटत होतो, तेच मूल आता दादीचा आधार होते.

अल्लाह आपल्याला मुलांशी खरे आणि मायेने बोलण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.