स्प्रेडशीट खरी की वही?

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये १११११११११ (नऊ वेळा एक) या संख्येला तिनेच गुणलं, तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं. मुलीने वहीवर गुणाकार केला, तिचे शेवटचे अंक ३२१. घरात वाद पेटलाय. बरोबर कोण? आणि हे उत्तर मूळ संख्या आहे का?
— एक वाचक, सडक अर्जुनी (जि. गोंदिया)

उत्तर : मुलगी बरोबर. एककस्थानी एक गुणिले एक, तिथे शून्य येणारच कुठून? आणखी एक पडताळा घ्या. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून गुणायच्या संख्येला ९ ने भाग जातो; मग उत्तरालाही गेलाच पाहिजे. मुलीच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, स्प्रेडशीटच्या उत्तरातली ७८. तिथेच पितळ उघडं पडतं. स्प्रेडशीट सहसा पहिले पंधराच अंक सांभाळते आणि पुढे शून्यं भरते. हे उत्तर आहे सतरा अंकी. (सोळा अंकी कार्ड क्रमांक तिथे संख्या म्हणून लिहिलात, तर त्याचाही शेवटचा अंक जाईल. तो मजकूर म्हणूनच लिहावा.)

उत्तराला असा चढ-उतार का, ते वहीतच दिसेल. नऊ ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, मग उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि सगळा डौल बिघडतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५ चा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवली स्टेशनचं त्या काळचं नाव, आणि कल्पना त्यांना सुचली ती तिथे. गणिताला स्टेशनचं नाव देणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आता मूळ संख्येचं. वर्गसंख्या कधीच मूळ नसते, आणि ही तर १११११११११ चा वर्ग. त्या नऊ एकांचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. उत्तरात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. त्यामुळे तिला ८१ नेही भाग जातो, म्हणजे स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. मात्र बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जातोच, असा नियम करू नका. ९ चा नियम पुढे ताणता येत नाही : १८९९ च्या अंकांची बेरीज २७, पण २७ ने भाग जात नाही.

मुलीला या संख्येचे सगळे विभाजक मांडायला सांगा. पंचेचाळीस येतील. विभाजक जोडीजोडीने येतात, तरी एकूण विषम भरतात, कारण १११११११११ ला जोडीदार तीच.