‘सिस्टर’ म्हणवण्यापूर्वी

सोलापुरात आपल्या अनेक भगिनी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी सेवेला जातात. ब्युरोवाले त्यांना पहिल्याच दिवशी ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात. अमेरिकेत शासकीय विम्याचे पैसे घेणाऱ्या वृद्धसेवा केंद्रात नव्या पूर्णवेळ मदतनिसाने ४ महिन्यांत किमान ७५ तासांचे प्रशिक्षण व परीक्षा पूर्ण करावी लागते. आपल्याकडे घरगुती सेवेला अशी मुदतच नाही. मग रुग्णाची कूस न बदलल्याने पाठीला जखमा होतात, आडवे ठेवून भरवलेला घास श्वासनलिकेत जातो, आणि बोल मात्र बाईलाच लागतो.

परिचारिका व्हायचे तर एएनएमची २ किंवा जीएनएमची ३ वर्षे आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग कोर्स’वर ती मिळत नाही, फी कितीही घेतलेली असो. दागिने मोडून ती भरण्याआधी एवढे विचारावेच.

मदतनिसासाठी ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा वेगळा, प्रामाणिक मार्ग आहे. वर्षानुवर्षे हे काम केलेल्यांसाठी पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत ‘आरपीएल’ म्हणजे अनुभवाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ब्युरोकडे नाव नोंदवतानाच, प्रशिक्षण कोण देणार आणि किती दिवसांत, हे आम्ही लिहून मागायला सांगतो.