कुत्र्यामांजरांचा घरगुती आहार

आपल्या देशात कुत्रा किंवा मांजर पाळण्याची प्रथा फार जुनी आहे. परंतु त्यांच्यासाठी वेगळे अन्न शिजविण्याची प्रथा मात्र नाही. घरातील माणसांची जेवणे उरकली की उरलेली पोळी किंवा भाकरी दुधात कुस्करून कुत्र्यापुढे ठेवावयाची आणि मांजराला बशीभर दूध घालावयाचे, असा बहुतेक कुटुंबांचा परिपाठ असतो. पाकीटबंद खाद्य आता शहरांतून सर्रास मिळते. पण ते सर्वांनाच परवडते असे नाही, आणि पुष्कळांना स्वतःच्या हाताने शिजविलेले अन्नच अधिक विश्वासाचे वाटते. अशा अन्नावर प्राणी निरोगी राहू शकेल काय? राहू शकेल. मात्र ताटातील उरलेसुरले अन्न आणि प्राण्याच्या गरजा ओळखून शिजविलेले अन्न या दोहोंतील भेद आधी समजून घेतला पाहिजे.

कुत्र्यांनी शिकविलेले दोन धडे

आहारशास्त्राची प्रगती होण्यास कुत्र्यांचा फार मोठा हातभार लागला आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एडवर्ड मेलनबी या इंग्रज शास्त्रज्ञाने काही पिलांना बंदिस्त जागेत ठेवून प्रामुख्याने ओट या धान्यावर वाढविले. त्या पिलांना मुडदूस झाला, त्यांची हाडे मऊ पडून वाकली. कॉड माशाच्या यकृताचे तेल देताच हा रोग टळतो, असे त्याला दिसून आले. त्या तेलातील गुणकारी द्रव्य पुढे ‘ड’ जीवनसत्त्व या नावाने ओळखले जाऊ लागले. माणसाच्या त्वचेत हे जीवनसत्त्व उन्हामुळे तयार होते. कुत्र्यामांजरांच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही. यास्तव पिलाला उन्हात खेळविले म्हणजे झाले, हा समज बरोबर नव्हे. ‘ड’ जीवनसत्त्व त्याला अन्नातूनच मिळावयास हवे.

दुसरा धडा ‘काळी जीभ’ या कुत्र्यांच्या रोगाचा. माणसांतील पेलाग्रा या रोगाशी त्याचे नाते आहे. १९३७ साली अमेरिकेत कॉनराड एल्व्हेयेम याने निकोटिनिक आम्ल देऊन हा रोग बरा केला. पुढे १९६० नंतरच्या दशकात हैदराबाद येथे गोपालन आणि बेलवडी या संशोधकांनी ज्वारीचे प्रमाण पुष्कळ असलेला आहार देऊन कुत्र्यांत हा रोग निर्माण करून दाखविला. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा का आढळत असे, हे उकलण्यास त्याचे साहाय्य झाले. यावरून ज्वारी वाईट ठरत नाही. कोणतेही एकच धान्य हा पूर्ण आहार नव्हे, एवढाच याचा अर्थ.

केवळ मांसही पुरेसे नाही

कुत्रा मांसाहारी प्राणी आहे, तेव्हा त्याला फक्त मांस द्यावे, असे मानणारेही अनेक असतात. वास्तविक हजारो वर्षे माणसाच्या सहवासात राहिल्याने कुत्रा लांडग्याहून वेगळा झाला आहे. पिष्टमय पदार्थ पचविणारे द्रव्य निर्माण करणाऱ्या जनुकाच्या प्रती त्याच्या शरीरात लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक असतात, हे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणूनच नीट शिजविलेला भात त्याला सहज पचतो.

निव्वळ मांसातील खरा धोका निराळाच आहे. हाडाविना मांसात फॉस्फरस भरपूर असतो. कॅल्शियम मात्र त्याच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतकेच असते. हे प्रमाण बिघडले की रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढून घेते. वाढत्या पिलाची हाडे यामुळे आतून पोकळ व ठिसूळ होतात. पिलू लंगडू लागते, घरच्यांना वाटते की पाय मुरगळला असेल. आणि एखाद्या दिवशी खाटेवरून उडी मारताच हाड मोडते. पदरमोड करून रोज मटण खाऊ घालणाऱ्या घरात हे घडते, ही यातील दुःखाची गोष्ट होय. माया असते, ज्ञान नसते. उलट मोठ्या जातीच्या पिलांना कॅल्शियमची औषधे वाजवीपेक्षा जास्त दिल्यानेही हाडांची वाढ बिघडते, हेही ध्यानात ठेवावे.

एका दिवसाचा आहार

सुमारे १० किलो वजनाच्या, बेताची हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाकाठी साधारण ६०० ते ७०० उष्मांक लागतात. त्यासाठी पुढील प्रमाण नमुन्यादाखल घेता येईल. सर्व वजने शिजविल्यानंतरची आहेत.

मऊ भात २०० ग्रॅम. हाड काढलेले कोंबडीचे मांस १५० ग्रॅम. उकडलेले अंडे एक. लाल भोपळा किंवा गाजर ७५ ग्रॅम. तेल एक लहान चमचा. अंड्याच्या कवचाची पूड अर्धा लहान चमचा. आयोडीनयुक्त मीठ चिमूटभर.

कवच स्वच्छ धुऊन पाण्यात उकळावे, वाळवावे आणि खलबत्त्यात पिठाइतके बारीक कुटावे. कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने मांसातील उणीव त्यामुळे भरून निघते. आठवड्यातून दोनदा मांसाचा थोडा भाग कमी करून त्याऐवजी २५ ग्रॅम कोंबडीची कलेजी द्यावी. तीतून ‘अ’ जीवनसत्त्व, लोह व तांबे मिळते. याहून अधिक कलेजी देऊ नये, कारण ‘अ’ जीवनसत्त्व शरीरात साठून अपाय करते. हे अन्न दोन वेळांत विभागून द्यावे. उन्हाळ्यात शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ भांड्यात पडू देऊ नये.

तथापि हा आहारही पूर्ण नव्हे. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कुत्र्यांसाठी सुचविलेल्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. जस्त, ‘ड’ व ‘ई’ जीवनसत्त्वे यांची उणीव विशेषेकरून राहते. म्हणून नेहमी घरचेच अन्न देणाऱ्याने पशुवैद्याच्या सल्ल्याने क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण त्यात घालावे. वाढती पिले, गाभण कुत्री आणि मूत्रपिंडाचे विकार असलेले प्राणी यांना वरील प्रमाण लागू पडत नाही.

मांजराची गोष्ट वेगळी

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनविणे त्याला जमत नाही. टॉरिन नावाचे द्रव्यही त्याला तयार अन्नातूनच मिळावे लागते आणि ते केवळ प्राणिज पदार्थांत असते. टॉरिनच्या अभावी मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदय दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली कळून आले. दूधभातावर मांजर दिवस काढते, पण निरोगी राहत नाही. शाकाहारी कुटुंबाला डाळ, दही, पनीर आणि अंडी यांच्या आधारे काळजीपूर्वक कुत्रा पाळता येईल; मांजराला मात्र मांस वा मासे द्यावेच लागतील. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून मांस शिजविलेले पाणी फेकून न देता अन्नात मिसळावे. काही जातींच्या कच्च्या माशांत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. तेव्हा मासे शिजवूनच द्यावेत.

वर्ज्य पदार्थ

कांदा व लसूण कच्चे असोत वा शिजलेले, रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. त्यामुळे फोडणीचे कालवण कुत्र्यामांजरांना घालू नये. चॉकलेट विषारी आहे. द्राक्षे व मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यांतील टार्टरिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे मत २०२१ साली पुढे आले. हेच आम्ल चिंचेतही विपुल असल्याने आमटी, सांबार यांपासूनही कुत्र्याला दूर ठेवावे. शिजविलेली हाडे चिरफाळतात व आतड्यात रुततात. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग नित्य दिल्यास बायोटिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळेनासे होते.

अन्न बदलताना ते एकाएकी न बदलता आठवडाभरात थोडे थोडे बदलावे. दर पंधरा दिवसांनी प्राण्याचे वजन करावे. पाठीवरून हात फिरविताना बरगड्या सहज हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना उठून दिसू नयेत. केसांची चकाकी, शौचाचा घट्टपणा आणि चालण्यातील उत्साह यांवरूनही आहार मानवतो की नाही, हे कळते. प्राण्याला भूक सांगता येते, उणीव सांगता येत नाही. ती ओळखण्याचे काम त्याला पाळणाऱ्याचे आहे.