डोंगर चढणारी लहान आगगाडी

दार्जिलिंग हे नगर हिमालयाच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 मीटर उंचीवर वसलेले आहे. त्याच्या पायथ्याचे सिलिगुडी मात्र जवळजवळ सपाट मैदानात आहे. पूर्वी या दोहोंमधील प्रवास गाडीरस्त्याने, जनावरांच्या बळावर होत असे. त्याच रस्त्याच्या कडेने रूळ टाकावेत, अशी सूचना फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी 1878 मध्ये केली. 1879 मध्ये काम सुरू झाले आणि 1881 च्या जुलैमध्ये गाडी दार्जिलिंगला पोहोचली. रुळांमधील अंतर अवघे 2 फूट ठेवले होते. रूळ अरुंद असले म्हणजे गाडी लहान वळणांवरून वळू शकते आणि डोंगर फारसा फोडावा लागत नाही.

चाकाची पकड

लोखंडी रूळ गुळगुळीत आणि चाकही गुळगुळीत. मग गाडी वर चढते कशी? याचे उत्तर घर्षणात आहे. इंजिनाच्या फिरत्या चाकांवर जितके वजन पडते, त्याच्या प्रमाणात ती चाके रुळाला धरून राहतात. रूळ कोरडा असेल तर ही पकड वजनाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी असते. रूळ ओला किंवा तेलकट झाला, तर ती दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली येते.

एक उदाहरण घेऊ. इंजिनाचे वजन 15 टन आहे आणि ते सर्व फिरत्या चाकांवरच पडते, असे समजा. कोरड्या रुळावर ते पावणेचार टनांएवढा जोर लावू शकेल. दार्जिलिंगच्या मार्गावर काही ठिकाणी चढण जवळजवळ वीसास एक, म्हणजे 20 फूट पुढे गेल्यावर 1 फूट वर, इतकी आहे. अशा चढणीवर प्रत्येक टन वजन वर नेण्यास टनाच्या विसाव्या भागाएवढा जोर लागतो. म्हणजे इंजिनासह 75 टनांचा भार पेलता येईल. परंतु पावसात जोर दीड टनावर येतो आणि भार 30 टनांवर. त्यातले 15 टन तर इंजिनाचेच! वळणांवरील घर्षण आणखी वेगळे. हिमालयाच्या या भागात पाऊस आणि धुके नित्याचे असल्यामुळे पकडीचा प्रश्न रोजचाच होता. म्हणून इंजिनाच्या पुढच्या भागी दोन माणसे बसत आणि चाक घसरू लागले की रुळावर हाताने वाळू टाकीत.

चढण सौम्य करण्याच्या युक्त्या

कागदाचा काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोवती गुंडाळून पाहावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वेढे घेत हळूहळू वर जाते. उंची तीच राहते, पण वाट लांबते आणि चढ कमी होतो. या लोहमार्गावर हेच तत्त्व वापरले आहे. काही ठिकाणी रूळ पूर्ण वेढा घेऊन पुलावरून स्वतःलाच ओलांडतात. घुमहून दार्जिलिंगकडे उतरताना लागणारा बतासियाचा वेढा 1919 मध्ये बांधला गेला.

जेथे वेढ्यालाही जागा नाही, तेथे दुसरी युक्ती केलेली आहे. गाडी एका टोकापर्यंत पुढे जाते, थांबते, सांधे बदलले की मागे मागे वर सरकते आणि पुन्हा पुढे निघते. सुकन्यापासून घुमपर्यंत गाडी सरासरी सुमारे 30 मीटर पुढे जाते तेव्हा 1 मीटर वर चढते. घुम हे स्थानक 2,258 मीटर उंचीवर आहे.

निलगिरीच्या लोहमार्गावर निराळा उपाय योजला गेला. तेथे तीव्र चढणीवर दोन रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकते. दार्जिलिंगला अशी पट्टी नाही. तेथे सारा भरवसा घर्षणावर आहे. महाराष्ट्रात 1907 मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडीही दार्जिलिंगप्रमाणेच 2 फुटी रुळांवर वळणे घेत डोंगर चढते.

चार चाकांचे इंजिन

1889 पासून या मार्गावर 'बी' वर्गाची इंजिने आली. त्यांना चारच चाके असून ती चारही वाफेच्या जोराने फिरतात. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिराप्रमाणे बसवलेली असते आणि कोळसाही इंजिनावरच असतो. त्यामुळे पाणी व कोळसा यांचे वजन वाया न जाता पकड वाढवते. मात्र टाकी लहान असल्याने वाटेत वारंवार पाणी भरावे लागते.

जतन कशाचे करावयाचे?

1999 मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाचा मान दिला. निलगिरीला 2005 मध्ये आणि कालका-सिमल्याला 2008 मध्ये तो मिळाला. तथापि अशा मानाने दरड थांबत नाही. 2010 मध्ये पागलाझोरा येथे दरड कोसळून मार्ग तुटला आणि सलग वाहतूक 2015 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. आज दूरच्या गाड्या मुख्यतः डिझेल इंजिने ओढतात. वाफेची इंजिने विशेषतः दार्जिलिंग आणि घुम यांमधील छोट्या फेऱ्यांसाठी चालतात.

जुन्या यंत्रांचे प्रेम लोकांना कोठवर नेते, याचा दाखला वेल्समध्ये आहे. तेथील टॅलिलिन हा बंद पडू घातलेला छोटा लोहमार्ग 1951 मध्ये स्वयंसेवकांनी चालवावयास घेतला. आपल्याकडे 1855 मध्ये बांधलेले 'फेअरी क्वीन' इंजिन दुरुस्त होऊन 1997 मध्ये पुन्हा रुळावर धावले.

इंजिन संग्रहालयात ठेवले तर त्याचा आकार पाहावयास मिळतो. परंतु आग किती ठेवावी, चढणीपूर्वी वाफ कशी साठवावी, वाळू नेमकी केव्हा टाकावी, हे ज्ञान ते चालविणाऱ्यांच्या व तिनधरियाच्या कारखान्यात दुरुस्त करणाऱ्यांच्या हातांत असते. एक पिढी ते न शिकता गेली, तर केवळ आराखड्यांवरून ते परत मिळविणे फार कठीण आहे. म्हणून अशा मार्गांवर थोड्या फेऱ्यांसाठी का होईना, वाफेचे इंजिन चालते ठेवणे आणि नव्या कामगारांना त्यावर शिकविणे अगत्याचे आहे.